चिंगी लिफ्टमध्ये चढली: घाबरट कुत्र्यांना घरी येऊन शिकवणाऱ्या ट्रेनर ताईंचा आमचा अनुभव, ठाणे

आमची चिंगी म्हणजे साधी आपली इंडी, म्हणजे देशी कुत्री, बदामी रंग, एक कान उभा आणि एक पडलेला. मागच्या वर्षी जूनच्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली, तेव्हा डॉक्टरांनी दात बघून पाच-सहा महिन्यांची असेल म्हणून सांगितलं. तीन दिवस खाली वाटीत चिकन-भात ठेवत होतो, चौथ्या दिवशी मुलाने तिला टॉवेलमध्ये गुंडाळून वर आणली आणि तिथून जी ती डायनिंग टेबलाखाली गेली ती जवळजवळ वर्षभर तिथेच होती म्हटलं तरी चालेल. कुकरची शिट्टी झाली की थरथर, बेल वाजली की जागच्या जागी शू, आणि लिफ्टचं तर नावच काढायला नको, दार उघडायच्या आधी तो टिंग आवाज येतो ना, तो ऐकला की चारही पाय ताणून फरशीला चिकटायची. आम्ही वर्तकनगरला सहाव्या मजल्यावर राहतो. दिवसातून तीन वेळा पंधरा किलोचं कुत्रं उचलून जिन्याने खाली आणि परत वर, माझ्या मिस्टरांची कंबर धरली शेवटी.

आज ती लिफ्टने खाली जाते. स्वतःच्या पायांनी. हे ज्यांच्यामुळे झालं त्या ट्रेनर ताईंबद्दल लिहायचं होतं बरेच दिवस. त्यांचं नाव आणि नंबर इथे मुद्दाम टाकत नाहीये, त्या एकट्याच काम करतात, आठवड्याला मोजकीच घरं घेतात आणि त्यांनी स्वतःच सांगितलंय की कुठे टाकू नका. पण त्या काय करतात आणि कसं करतात ते नीट लिहिते, म्हणजे तुम्ही जिथे कुठे असाल तिथे ट्रेनर शोधताना काय बघायचं ते तरी कळेल.

आधी एक कडू गोष्ट. यांच्या आधी आम्ही दुसरा एक ट्रेनर लावला होता, महिनाभर. नाव घेत नाही. त्याने पहिल्याच दिवशी गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घातली आणि मालक कोण ते तिला कळलं पाहिजे म्हणत तिला ओढत लिफ्टमध्ये नेलं. तिसऱ्या दिवशी ती ओढल्याबरोबर आत गेली आणि गप्प उभी राहिली, आम्हाला इतका आनंद झाला की मी व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवला. तो व्हिडिओ मला आता बघवत नाही. कान मागे चिकटलेले, शेपटी पोटाखाली, डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसतंय, जीभ सारखी नाकावर फिरतेय. ती शांत नव्हती हो, ती गोठली होती. आणि पुढच्याच आठवड्यात मुलाने खुंटीवरचा पट्टा काढला तर आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर गुरगुरली. मग आम्ही ते बंद केलं.

ताईंचा पत्ता लागला तो उपवन तलावावर रोज पहाटे कुत्र्यांना खायला घालणाऱ्या एका काकूंकडून. फोन केला तर त्यांनी भाव सांगायच्या आधी चाळीस मिनिटं प्रश्नच विचारले. झोपते कुठे, खाते कुठे, बाहेर असताना खाते का, घरात तिला जिथे कोणी हात लावत नाही अशी एखादी जागा आहे का, डोक्यावरून हात फिरवला तर मान खाली घालते का, दोन्ही बाजूंनी घालते की एकाच बाजूने. हा शेवटचा प्रश्न ऐकून मी गप्पच झाले, कारण खरंच ती उजवीकडून हात आला की जास्त दचकायची आणि आम्ही कधी त्यावर विचारच केला नव्हता. ताई म्हणाल्या आधी डॉक्टरांकडे जाऊन या, कान, दात, सांधे, रक्त सगळं बघून घ्या, दुखत असेल तर मी कितीही शिकवलं तरी उपयोग नाही. गेलो, तर उजव्या कानात आत इन्फेक्शन! दोन आठवडे ड्रॉप्स घातले. म्हणजे आम्ही ज्याला भीती म्हणत होतो त्यातलं थोडं तरी नुसतं दुखणं होतं. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी त्यांना पाच स्टार देईन.

पहिली व्हिजिट मी कधीच विसरणार नाही. ताई आल्या, बेल न वाजवता, दारातून मेसेज करून. आत येऊन चपलांच्या रॅकजवळ जमिनीवरच बसल्या, चिंगीकडे पाठ नाही पण थोडी बाजू करून, नजर फरशीवर. सोफ्यावर बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. कमरेला छोटी पिशवी, त्यात उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे. एक तुकडा घेतला आणि चिंगीच्या पुढे नाही, तिच्या मागे टाकला, टेबलाच्या पलीकडे. मला वाटलं नेम चुकला. पण दुसराही तसाच, तिसराही तसाच. चिंगी वळून लांब जाऊन खायची आणि परत टेबलाखाली यायची, मग परत एक तुकडा लांब. आठ-दहा तुकड्यांनंतर ती टेबलाखालून बाहेर येऊन उभी राहिली आणि ताईंकडे बघायला लागली, की आता कधी टाकताय? त्यांनी नंतर समजावलं की हातात खाऊ धरून ये ये केलं की कुत्रं भुकेपोटी पुढे तर येतं, पण खाऊन झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण अनोळखी माणसाच्या एकदम तोंडाशी आलोय, आणि तिथेच घाबरून चावायची शक्यता असते. खाऊ मागे टाकला की त्याला दोन बक्षिसं मिळतात, एक चिकन आणि एक अंतर. पुढे यायचं की नाही ते त्याचं तो ठरवतो. पूर्ण दीड तासात त्यांनी चिंगीला एकदाही हात लावला नाही. आमच्या सासूबाई मागून म्हणाल्या, या शिकवणार कधी? पण तेच शिकवणं होतं.

त्यांचं सगळं काम एकाच गोष्टीवर चालतं, त्या म्हणतात दूध उतू जायच्या आत गॅस कमी करायचा, उतू गेल्यावर फुंकर मारून काय उपयोग. म्हणजे कुत्रं भुंकायला, ओढायला, थरथरायला लागलं की तेव्हा शिकवायची वेळ गेलेली असते. त्याच्या बरंच आधी ते सांगत असतं. झोप आलेली नसताना जांभई, उगाच ओठ चाटणं, मान फिरवणं, अंग कोरडं असताना पाण्यातून आल्यासारखं झटकणं, एक पंजा वर उचलून उभं राहणं. आम्हाला घरच्या चौघांनाही आठवडाभर बाकी काही करायचं नाही, नुसतं ही लक्षणं दिसली की फ्रिजवरच्या कागदावर वेळ आणि कारण लिहायचं असं काम दिलं. त्या कागदावरून कळलं की सकाळी बेल, त्यानंतर मिक्सर, दुपारी समोरच्या रिडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग, असं एकावर एक साठत जातं आणि मग संध्याकाळी साधा चमचा पडला तरी ती बाथरूममध्ये पळते. आम्हाला वाटायचं चमच्याला काय घाबरायचं, पण चमच्याचं नव्हतंच ते, दिवसभराचं होतं. आता जड दिवस गेला की दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी, बाहेर फक्त शी-शूला आणि घरात चघळायला काहीतरी.

बरं, आता लिफ्ट. लिफ्टला आम्हाला अकरा आठवडे लागले आणि पहिले तीन आठवडे आम्ही लिफ्टच्या जवळही गेलो नाही. मोबाईलवर लिफ्टचा टिंग रेकॉर्ड केला, घरात एकदम बारीक आवाजात लावायचा, आणि आवाज आल्यावर लगेच चिकन. आवाज आधी, चिकन नंतर, यात ताई फार कडक होत्या, कारण उलटं केलं तर चिकन दिसलं की आता काहीतरी भयंकर येणार असं कुत्रं शिकतं. शाळेत पावलॉवचा कुत्रा आणि घंटा शिकलो होतो ना सगळे, घंटा वाजली की खाणं येतं हे शिकलेला, तेच हे, फक्त घंटेची आधीच भीती बसलेली आहे एवढाच फरक. त्यामुळे आवाज इतका कमी पाहिजे की तिचा कान हलेल पण अंग ताठ होणार नाही. सुरुवातीला मला तर ऐकूच यायचा नाही, पण कुत्र्यांचे कान आपल्यापेक्षा खूपच तिखट, माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं तर त्यांना ४५,००० च्या आसपास. आपल्याला जे शांत घर वाटतं ते त्यांच्यासाठी शांत नसतंच.

मग पॅसेजमध्ये, लिफ्टपासून सगळ्यात लांबच्या टोकाला, तिची घरातली चटई अंथरून बसायचं. रात्री साडेअकराला, कारण तेव्हा वर्दळ नसते. लिफ्ट आली गेली की चिकन, आणि तिने स्वतः घराकडे तोंड केलं की लगेच घरात, एक मिनिट झालं असलं तरी. हे फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, परत जायची सोय. तिला जेव्हा कळलं की मी मागे वळले की हे लोक खरंच मागे वळतात, तेव्हाच ती पुढे जायला लागली. सहाव्या आठवड्यात चटई दरवाजापाशी होती. मग मिस्टर लिफ्टचं दार धरून उभे, ती बाहेरून मान आत घालून एक तुकडा घेणार आणि बाहेर. मग पुढचे दोन पाय आत. तीन पाय आत आणि एक बाहेर हे तर आठ दिवस चाललं, सोसायटीचे लोक दुसऱ्या लिफ्टने जायचे बिचारे, कोणी काही बोललं नाही. आणि मग एका रात्री ती सरळ आत गेली, वळली, आणि बसली. दार उघडंच. ताईंनी आधीच बजावलेलं की त्या दिवशी दार बंद करायचा मोह होईल, करू नका. नाही केलं. पाचव्या मजल्यापर्यंतचा पहिला प्रवास त्यानंतर नऊ दिवसांनी, एकच मजला, खाली उतरून जिन्याने परत वर.

मध्येच एकदा सासूबाईंनी विचारलं, अहो ताई, घाबरल्यावर जवळ घेतलं की लाडावते आणि जास्त घाबरते म्हणतात ना? ताई म्हणाल्या, नाही हो आई, भीती काय ती मुद्दाम करते का, आपल्याला रडू आलं आणि कोणी पाठीवर हात ठेवला म्हणून आपण उद्या जास्त रडतो का? ती तुमच्याकडे आली तर घ्या खुशाल जवळ, फक्त लपली असेल तर ओढून काढू नका. त्या दिवसापासून सासूबाई आणि चिंगी यांची दुपारची झोप एकत्र. मिस्टरांच्या डोक्यात अजून ते आधीच्या ट्रेनरचं अल्फा, म्हणजे कुत्र्यापुढे आपण कळपाचा म्होरक्या बनायचं, वगैरे होतं, त्यांनाही शांतपणे सांगितलं, की ती कल्पना पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या अनोळखी लांडग्यांवरून आली, जंगलात लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि पिल्लं, आणि लांडग्यांचे अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मेक यांच्या पुस्तकामुळे तो अल्फा शब्द गाजला त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की हे बरोबर नाही. अमेरिकेतल्या पशुवर्तन डॉक्टरांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की बक्षीस देऊन शिकवण्याचीच पद्धत वापरा, शॉक आणि चोक कॉलर नको. हे ऐकल्यावर मिस्टरांनी उठून ती चेन भंगारवाल्याकडे दिली, मला न सांगता.

सामान फारसं काही घ्यायला लावलं नाही, हे मला आवडलं. छातीवर वाय आकार येतो तसला हार्नेस, म्हणजे गळ्यावर ताण येत नाही आणि खांदे मोकळे राहतात, आणि पाच मीटरची सुती दोरी. वास घेऊन खाऊ शोधायची मॅट दुकानात महाग मिळते, ताईंनी बाथरूमच्या भोकाभोकाच्या रबरी मॅटमध्ये जुन्या बेडशीटच्या पट्ट्या बांधायला शिकवलं, मुलाने दोन तासात केली. त्यात रोज सकाळचं अर्धं जेवण. आणि एक पिवळी रिबीन, पट्ट्याला बांधायची, परदेशात बऱ्याच ठिकाणी ही खूण वापरतात, या कुत्र्याला जागा द्या अशी. आपल्याकडे कोणाला माहीत नाही, पण बिल्डिंगच्या मुलांना एकदा बसवून सांगितलं तर आता तीच मुलं नवीन माणसाला सांगतात, अहो काका पिवळी रिबीन आहे, लांबून जा.

फिरायला म्हणाल तर पहाटे साडेपाचला उपवन, आणि चालायचं नाही, तिला वास घेऊ द्यायचा. चाळीस मिनिटात आम्ही कधीकधी शंभर पावलंही जात नाही. एका झाडाच्या बुंध्याशी पाच मिनिटं नाक खुपसून उभी असते, श्वास हळूहळू संथ होतो, शेपटी वर येते, हे डोळ्यांनी दिसतं. जवळच्या येऊरच्या जंगलात मात्र नेऊ नका, तो संजय गांधी नॅशनल पार्कचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत, कुत्रं म्हणजे त्यांचं खाणंच.

गणपती आणि दिवाळी ही खरी परीक्षा होती. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग जुलैपासूनच लिफ्टसारखं बारीक आवाजात सुरू केलं होतं. तरी रेकॉर्डिंग वेगळं आणि खिडक्या थरथरवणारा खरा ढोल वेगळा, तेव्हा विसर्जनाच्या दिवशी आतल्या बेडरूममध्ये जाड पडदे, पंखा फुल, टीव्ही चालू, पलंगाखाली तिची चटई आणि आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ. दिवाळीच्या महिनाभर आधी ताईंनीच सांगितलं की फटाक्यांसाठी डॉक्टरांशी गोळीबद्दल बोला, मी औषधं सांगत नाही, पण गरज असेल तर घेण्यात कमीपणा मानू नका. डॉक्टरांनी वजन बघून गोळी दिली आणि आधी एका शांत दिवशी ट्रायल घ्यायला लावली. मागच्या दिवाळीत तिने दोन दिवस पाणीही प्यायलं नव्हतं, कमोडच्या मागे अंग कोंबून बसलेली. या लक्ष्मीपूजनाला बाहेर धडाधड आवाज चालू आणि ही पलंगाखाली, घाबरलेली होतीच, नाही म्हणत नाही, पण रात्री नऊला बाहेर आली, वाटीतलं सगळं जेवली आणि सासूबाईंच्या पायावर हनुवटी ठेवून झोपली. सासूबाई दीड तास हलल्या नाहीत, पाय बधीर झाला तरी.

आता पैसे आणि त्रुटी. पहिली व्हिजिट अडीच हजार, नंतर प्रत्येकी १,८००, आमच्या दहा झाल्या, म्हणजे १८,७०० रुपये, सात महिन्यांत. कमी नाहीत. पण दर व्हिजिटनंतर आम्ही व्हिडिओ पाठवायचो आणि त्या प्रत्येकाला उत्तर द्यायच्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शनिवार-रविवार येत नाहीत, आम्हा दोघांनाही हाफ डे टाकावे लागले. घोडबंदरवरून येतात, मेट्रोच्या कामाच्या ट्रॅफिकमुळे दोनदा पाऊण तास उशीर, एकदा ऐनवेळी कॅन्सल. सूचना सगळ्या व्हॉइस नोटवर, सात-सात मिनिटांच्या, मला ते लिहून हवं होतं, शेवटी मीच वहीत उतरवून काढायचे. एक मात्र नक्की, गॅरंटी हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. मी विचारलं होतं किती दिवसात बरी होईल, तर म्हणाल्या, पिल्लं तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत जे बघतात ते त्यांना आपलं वाटतं, हिचा तो काळ कुठे आणि कसा गेला आपल्याला माहीत नाही, तेव्हा जेवढं होईल तेवढं आणि तिच्या गतीने. घाई असेल, महिनाभरात शेकहँड करणारं कुत्रं हवं असेल तर त्यांना बोलावू नका. बसणं-उठणं-लोळणं त्यांनी फारसं शिकवलंच नाही, एकच गोष्ट शिकवली, तळहात पुढे केला की नाक लावायचं. ते चिंगीला इतकं आवडतं की आता घाबरली की ती स्वतःच येऊन माझ्या हाताला नाक लावते.

सोसायटीत लिफ्टवरून कोणी त्रास देत असेल तर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या, पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही असं त्यात आहे. आमच्या सेक्रेटरींनी वाचून मान्य केलं.

असा कोणी ट्रेनर घरी बोलावणार असाल तर आधी दोन गोष्टी तयार ठेवा, बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर अगदी बारीक चिरून, आणि घरातले सगळे त्या वेळी घरी. एकच माणूस शिकला आणि बाकीचे जुन्या पद्धतीने वागले तर कुत्र्याला काही कळत नाही, आमच्याकडे पहिल्या महिन्यात तेच झालं.

काल रात्री खाली जाताना लिफ्ट उघडली तर आत तिसऱ्या विंगचे पाहुणे, चार जण, हातात मोठी बॅग. चिंगीने एकदा बघितलं, ओठ चाटले, दोन पावलं मागे आली आणि माझ्या हाताला नाक लावलं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जा, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो. पुढची रिकामी आली. गेलो.